पदवी आहे, पद नाही

सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर शिक्षणाकडे वळू पाहणाऱ्या तरुणांना द्यावयाचा सल्ला गेल्या पंचवीस वर्षांत मला तीनदा बदलावा लागला आहे. विषय तोच राहिला, अभ्यासक्रमाची रूपरेषाही बव्हंशी तीच राहिली. बदलत गेली ती पदवीनंतरची वाट.

मी शिकवू लागले तेव्हा वर्गात बसणारे बहुतेक जण सरकारी सेवेतील डॉक्टर असत. राज्याने त्यांना शिक्षणासाठी पाठवलेले असे, माघारी त्यांचे पद शाबूत असे आणि परतल्यावर जिल्ह्याचा कारभार हाकताना जे लागणार तेच ते शिकून घेत. 'मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ' ही पदवी, म्हणजे आजची 'एमपीएच', त्या काळी फारशी कोणाला ठाऊक नव्हती. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाळ संस्थेतील अच्युत मेनन केंद्राने १९९७ साली ती देशात प्रथम सुरू केली होती. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेने २००१ मध्ये प्रत्यक्ष साथीच्या ठिकाणी जाऊन शिकण्यावर भर देणारा अभ्यासक्रम आणला. या विद्यार्थ्यांना 'पुढे काय' हा प्रश्न पडत नसे. तेव्हा माझा सल्ला एवढाच असे, की सरकारी नोकरीत असाल तर अवश्य या. नसाल तर आधी नोकरीत शिरा.

मग २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि पुढच्याच वर्षी 'पब्लिक हेल्थ फाउंडेशन ऑफ इंडिया'ची स्थापना झाली. फाउंडेशनच्या संस्था गांधीनगर, हैदराबाद, दिल्ली, भुवनेश्वर येथे उभ्या राहिल्या. सरकारी आणि खासगी विद्यापीठांनीही अभ्यासक्रम काढले. प्रवेशाची दारे दंतवैद्यांना, आयुर्वेद व होमिओपॅथीच्या पदवीधरांना, परिचारिकांना, फिजिओथेरपिस्टांना, इतकेच नव्हे तर समाजशास्त्र आणि संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही खुली झाली. अभियानाला जिल्हा कार्यक्रम व्यवस्थापक हवे होते, एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाला जिल्हा साथरोगतज्ज्ञ हवे होते, आंतरराष्ट्रीय संस्थांना सल्लागार हवे होते. त्या दशकात मी बिनदिक्कत सांगत असे: या, काम पुष्कळ आहे.

आज मी तसे सांगत नाही. आजही काम पुष्कळच आहे, किंबहुना कोविडने ते किती आहे हे साऱ्या देशाला दाखवून दिले. त्या साथीनंतर आमच्याकडे येणारे अर्जही वाढले. परंतु ते काम करणाऱ्या माणसासाठी सरकारच्या आस्थापनेत जागा नाही, आणि सरकारबाहेर जी जागा होती ती आता आक्रसते आहे.

प्रश्न नीट कळावा म्हणून हे शिक्षण नेमके कशाचे, ते आधी सांगितले पाहिजे. पुष्कळांचा समज असा, की सार्वजनिक आरोग्य म्हणजे स्वच्छतेची व्याख्याने आणि भिंतीवरच्या घोषणा. डॉक्टरमंडळींतही हा समज कमी नाही. या शास्त्राची खरी ओळख मी विद्यार्थ्यांना मुजफ्फरपूरच्या उदाहरणाने करून देते.

बिहारमधील हा जिल्हा लिचीच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे १९९५ पासून दर उन्हाळ्यात एक गूढ आजार येई. आदल्या दिवशी धडधाकट असलेले मूल पहाटे झटके येऊन बेशुद्ध पडे आणि पुष्कळदा काही तासांत दगावे. पाऊस सुरू झाला की आजार नाहीसा होई. गावकरी त्याला 'चमकी बुखार' म्हणत. जपानी मेंदूज्वर म्हणावा तर त्याचा विषाणू सापडेना. कीटकनाशके, उष्माघात असे नाना तर्क झाले. २०१४ च्या मे ते जुलै या काळात तेथील दोन मोठ्या रुग्णालयांत अशी ३९० मुले दाखल झाली आणि त्यांतील १२२ दगावली.

त्या वर्षी दिल्लीच्या राष्ट्रीय रोगनियंत्रण केंद्राचे आणि अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचे पथक तेथे बसले होते. त्यांनी काय केले? प्रथम 'रुग्ण' कोणाला म्हणायचे, याची काटेकोर व्याख्या ठरवली. दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद एका यादीत घेतली: वय, गाव, आजार सुरू झाल्याची वेळ, आदल्या चोवीस तासांतले खाणेपिणे. मग १०४ आजारी मुले आणि त्याच वयाची, अन्य कारणाने रुग्णालयात आलेली १०४ मुले अशी तुलना मांडली. दोन गोष्टी ठळकपणे वेगळ्या निघाल्या. आजारी मुलांनी लिची अधिक खाल्ली होती आणि त्यांतील बरीचशी रात्री न जेवता झोपली होती. प्रयोगशाळेने दुवा जोडून दिला. लिचीच्या फळात असे घटक असतात, की जे उपाशी शरीराला साखर तयार करू देत नाहीत. दिवसभर बागेत लिची खाऊन रात्री तसेच झोपी गेलेल्या मुलाच्या रक्तातली साखर पहाटे धोकादायक पातळीला उतरे. लिचीकडे त्याआधीच वेल्लोरचे विषाणुतज्ज्ञ टी. जेकब जॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लक्ष वेधले होते. या अभ्यासाने त्या शंकेला आकड्यांचा भक्कम आधार दिला.

उपाय काय निघाला? मुलांना लिची कमी खाऊ द्या, रात्री जेवल्याशिवाय झोपू देऊ नका, झटका आलेल्या मुलाच्या रक्तातली साखर ताबडतोब तपासून ग्लुकोज द्या. याला नवी लस लागत नाही की महागडे यंत्र. वर्षानुवर्षे चाललेल्या बालमृत्यूंना दिलेले उत्तर एवढे साधे होते, आणि ते शोधण्यासाठी लागली ती यादी करण्याची, तुलना मांडण्याची आणि घरोघरी जाऊन प्रश्न विचारण्याची शिस्त. एमपीएचच्या दोन वर्षांत साथरोगशास्त्र आणि जैवसांख्यिकी या नावांखाली शिकवतात ती हीच. पुढच्या काही वर्षांत तेथील बळींची संख्या घटली.

ही हकीकत सांगून झाली की वर्गात एक समाधान पसरते. मग मला पुढचा भाग सांगावा लागतो. २०१९ च्या जूनमध्ये मुजफ्फरपुरात पुन्हा शंभराहून अधिक मुले दगावली. त्या वर्षी कडक उन्हाळा होता, कुपोषण तर होतेच. पण गावोगावची जनजागृती ढिली पडली आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत वेळेवर ग्लुकोज मिळाले नाही, अशी टीकाही झाली. पाच वर्षांपूर्वी लागलेला शोध खोटा ठरला नव्हता. तो दर वर्षी मार्चमध्ये फाईलमधून बाहेर काढायचा, आशा कार्यकर्त्यांना पुन्हा सांगायचा, औषधांचा साठा एप्रिलपूर्वी तपासायचा, हे काम कोणाचे? दिल्लीहून आलेले पथक परत जाते. जिल्हाधिकारी बदलून जातो. सिव्हिल सर्जनच्या मागे रुग्णालयाचा व्याप असतो. अशा वेळी जिल्ह्याची स्मरणशक्ती म्हणावी असा एक माणूस लागतो, आणि तो घडवण्यासाठीच हे शिक्षण आहे.

तो माणूस बहुतेक राज्यांत कंत्राटी असतो. माझी एक जुनी विद्यार्थिनी मूळची दंतवैद्य. पदवीनंतर उत्तरेकडील एका मोठ्या राज्यात ती जिल्हा साथरोगतज्ज्ञ म्हणून रुजू झाली. वर्गात आकडेमोडीत ती फार चमकली नव्हती. मात्र माणसांत मिसळण्याची हातोटी तिच्यापाशी होती आणि शेवटी तीच उपयोगी पडली. खासगी दवाखान्यांकडून गोवराच्या रुग्णांची माहिती कोणी देत नसे; ती स्वतः जाऊन बसू लागली, चहा घेऊ लागली आणि वर्षभरात त्या जिल्ह्यातल्या नोंदी दुपटीहून अधिक झाल्या. नोंदी वाढल्या म्हणून वरिष्ठांनी तिला जाब विचारला: तुमच्याच जिल्ह्यात गोवर एवढा कसा? शोधल्यामुळे रुग्ण दिसतात, हे साथरोगशास्त्रातले पहिले तत्त्व तिला बैठकीत समजावून सांगावे लागले. तेही वैद्यकीय पदवी नसल्यामुळे 'मॅडम, आपण डॉक्टर नाही' हे ऐकून घेत. करार अकरा महिन्यांचा. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा कागद दोन महिने अडकला. त्या दोन महिन्यांचे वेतन पुढे मिळाले, पण घरभाडे थांबत नाही. तिसऱ्या वर्षी ती बंगळुरूला एका विमा कंपनीत गेली. तेथे ती दाव्यांचे विश्लेषण करते, पगार दुपटीहून जास्त आहे. तिला मी दोष देत नाही. तिने जोडलेले ते सारे दवाखाने, कोणता डॉक्टर सकाळी भेटतो आणि कोणता रात्री, हे मात्र तिच्याबरोबरच निघून गेले.

असे का झाले, याचे उत्तर बरेच मागे जाऊन शोधावे लागते. देशात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण काही नवे नाही. कलकत्त्याची अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्था रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने १९३२ मध्ये उभी राहिली. १९४६ साली सादर झालेल्या भोर समितीच्या अहवालात रोगप्रतिबंध आणि उपचार यांची सांगड घालणारी व्यवस्था सुचवली होती; समाजाकडे पाहणारा डॉक्टर घडावा म्हणून वैद्यकीय शिक्षणात या विषयाचे तीन महिन्यांचे प्रशिक्षणही सुचवले होते. सांगड घालण्याचा अर्थ आपण मात्र सोयीस्कर लावला. १९५०च्या दशकात केंद्राने वैद्यकीय सेवा आणि सार्वजनिक आरोग्य सेवा एकत्र केल्या, बहुतेक राज्यांनी तोच कित्ता गिरवला. दोन सेवा एका छत्राखाली आल्या की जी तातडीची ती दुसरीला गिळते. रुग्णालयाच्या दारात रांग दिसते; जी साथ आलीच नाही तिची रांग लागत नाही. बढतीच्या वाटा उपचार करणाऱ्यांच्या हाती गेल्या आणि शस्त्रक्रियेत आयुष्य घालवलेला सज्जन अधिकारी निवृत्तीच्या उंबरठ्यावर, केवळ सेवाज्येष्ठतेमुळे, जिल्ह्याच्या साथनियंत्रणाचा प्रमुख होऊ लागला. वैद्यकीय महाविद्यालयांत रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्राचे विभाग निघाले खरे. परंतु त्यांतून एमडी झालेले बहुतेक जण पुन्हा महाविद्यालयांतच शिकवू लागले, कारण पदे तेथेच होती.

तमिळनाडूने हा कित्ता गिरवला नाही. त्या वेळच्या मद्रास प्रांतात सार्वजनिक आरोग्याचे स्वतंत्र संचालनालय १९२०च्या दशकापासून होते, १९३९ मध्ये प्रांताने स्वतःचा सार्वजनिक आरोग्य कायदा केला आणि स्वातंत्र्यानंतरही संचालनालय व त्याचा स्वतंत्र अर्थसंकल्प टिकवला. तेथे तरुण डॉक्टर या सेवेत येतो, सार्वजनिक आरोग्याची अर्हता मिळवतो, तालुका व नगरपालिकांतून अनुभव घेत जिल्ह्यापर्यंत आणि पुढे संचालनालयापर्यंत चढतो. पायरी ठाऊक असते म्हणून माणूस टिकतो. जागतिक बँकेच्या अभ्यासक मोनिका दास गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या व्यवस्थेवर लिहिलेला निबंध मी दर वर्षी वर्गात वाचायला देते. २००४ च्या सुनामीचे उदाहरण त्यात आहे. नागपट्टिणमसारख्या जिल्ह्यांत हजारो माणसे मृत्युमुखी पडली, वाचलेली छावण्यांत आली. पाण्याचे क्लोरिनीकरण, शौचालये, अन्नाची तपासणी, मृतदेहांची विल्हेवाट यांसाठी इतर जिल्ह्यांतील आरोग्य अधिकारी आणि त्यांची पथके तातडीने तेथे आणली गेली. मोठी साथ पसरली नाही. त्यामुळे तिची बातमीही झाली नाही.

तमिळनाडूचे कौतुक करताना एक गोष्ट दडवता कामा नये. तेथील आरोग्य अधिकाऱ्याच्या पदासाठी वैद्यकीय पदवी लागतेच. म्हणजे माझ्या वर्गातील दंतवैद्याला किंवा परिचारिकेला ती शिडीही खुली नाही. शेजारच्या खोलीत एमडी करणाऱ्या आणि एमपीएच करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासक्रमात साम्य पुष्कळ असते. पण एमडीवर राष्ट्रीय वैद्यक आयोगाची मोहोर असते, एमपीएचला ती नाही. भरतीचे नियम लिहिणाऱ्या कारकुनाला मोहोर दिसते, अभ्यासक्रम दिसत नाही. साथीच्या जागी जाऊन यादी करणाऱ्याला स्टेथोस्कोप लागतोच असे नाही, हे माझे मत अनेक डॉक्टर सहकाऱ्यांना मान्य नाही. वाद जुना आहे आणि तो येथे वाढवत नाही.

कागदावर मात्र हा प्रश्न सुटलेला आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने प्रत्येक राज्यात सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाचा स्वतंत्र संवर्ग असावा आणि प्रवेशासाठी त्या विषयाचे वा संबंधित विषयांचे शिक्षण ही अट असावी, असे सुचवले. २०२२ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तो कसा उभारावा याची मार्गदर्शक पुस्तिकाही काढली. पण आरोग्य हा राज्यांचा विषय. पुस्तिका मार्गदर्शन करते, पद निर्माण करत नाही. पद निर्माण करायचे तर राज्याच्या वित्त विभागाला तीस-पस्तीस वर्षांचे वेतन आणि त्यापुढचे निवृत्तिवेतन डोळ्यांसमोर दिसते, आणि फाईल थबकते. पैसा नाही असेही नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर खर्च करण्यास ७० हजार कोटींहून अधिक अनुदान सुचवले. पंतप्रधानांच्या नावाने सुरू झालेल्या आरोग्य पायाभूत सुविधा अभियानाची तरतूद ६४ हजार १८० कोटी रुपयांची होती. त्यातून तालुक्यांसाठी सार्वजनिक आरोग्य केंद्रे आणि जिल्ह्यांसाठी प्रयोगशाळा योजल्या गेल्या. इमारतीचे उद्घाटन एकदा होते आणि खर्च संपतो. माणसाचा खर्च दर महिन्याला येतो, ही आपल्या आरोग्यनियोजनातली खरी अडचण आहे.

स्थायी पद नाही म्हणून आमचे बहुतेक पदवीधर प्रकल्पांकडे गेले. राज्यांच्या आरोग्य विभागांत परदेशी निधीवर चालणारे तांत्रिक साहाय्य गट असतात. क्षयरोग, एचआयव्ही, मातामृत्यू, लसीकरण अशा एकेका विषयावर तीन किंवा पाच वर्षांचे प्रकल्प असतात. तेथे पगार बरा, प्रवास भरपूर, इंग्रजी अहवाल लिहिण्याची सवय होते. तिशीतला माणूस चार प्रकल्प आणि चार शहरे पालथी घालतो. प्रत्येक ठिकाणी त्याचे पद 'सल्लागार' असते. या वाटेने अनेकांनी उत्तम काम केले आहे, तिला तुच्छ लेखण्याचे कारण नाही. पोलिओच्या निर्मूलनात देशभर पसरलेले सर्वेक्षणाचे जाळे १९९७ पासून भारत सरकार आणि जागतिक आरोग्य संघटनेने मिळून उभारले होते. पंधरा वर्षांखालील कोणत्याही मुलाचा हात वा पाय अचानक लुळा पडला, की त्याचा शौचाचा नमुना चौदा दिवसांच्या आत, चोवीस तासांच्या अंतराने दोनदा घ्यायचा, हा नियम त्या जाळ्याने खेडोपाडी रुजवला. १३ जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओचा एकही रुग्ण सापडला नाही. पण प्रकल्पाची मुदत त्याच्या दात्याच्या हातात असते. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेच्या नव्या प्रशासनाने परदेशी मदत गोठवली आणि जुलैपासून 'यूएसएड' ही संस्थाच बंद झाली. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत मला माजी विद्यार्थ्यांचे जितके फोन आले तितके एरवी वर्षभरात येत नाहीत. चाळिशीला आलेली, दोन मुलांचे शिक्षण चालू असलेली माणसे विचारत होती, की पुन्हा कोठून सुरुवात करायची. जिल्ह्यात परत जावे, तर तेथे त्यांच्यासाठी पद नाही.

परदेशी जाऊन ही पदवी घ्यावी का, असेही विचारतात. या प्रश्नाला महाराष्ट्रातले एक उत्तर सर्वांना परिचित आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८४ मध्ये अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेतली आणि ते गडचिरोलीला आले. गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांनी नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत बसवली. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले आणि २०११ पासून केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर स्वीकारली. शिक्षणाचे याहून सार्थक काय असावे! परंतु हे उदाहरण मी विद्यार्थ्यांसमोर जपून ठेवते. बंग दांपत्याने आपले पद आपणच निर्माण केले, स्वतःची संस्था उभी केली. दर वर्षी पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाने तसे करावे, अशी अपेक्षा म्हणजे राज्यसंस्थेची जबाबदारी त्यागी माणसांच्या खांद्यावर टाकणे होय. शिवाय डोक्यावर मोठे शैक्षणिक कर्ज घेऊन परतलेल्या तरुणाला गडचिरोली परवडत नाही. त्याला हप्ते भरण्यासाठी पुणे किंवा गुरुग्रामच लागते.

तर आता मी सल्ला काय देते? पहिली गोष्ट, दवाखाना चालत नाही एवढ्याच कारणाने येऊ नका. दंतवैद्यकाच्या जागा बेसुमार वाढल्या, त्यातून सुटका म्हणून आमच्याकडे येणारे पुष्कळ असतात. त्यांतील काहींना विषय भुरळ घालतो, काहींना दोन वर्षांनी तीच अडचण नव्या नावाने भेटते. महाविद्यालय निवडताना माहितीपुस्तिकेतली चित्रे पाहू नका. क्षेत्रकार्याचे दिवस किती, ते विचारा. शिकवणाऱ्यांपैकी किती जणांनी प्रत्यक्ष साथीचा तपास केला आहे, ते विचारा. मागच्या दोन तुकड्यांतील माणसे आज कोठे आहेत याची यादी मागा. जी संस्था ती देण्यास टाळाटाळ करते तिचे उत्तर मिळालेच म्हणायचे. शुल्कात सरकारी आणि खासगी संस्थांमध्ये जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि महागडी संस्था चांगलीच असते असे नाही. त्रिवेंद्रम, चेन्नई, चंडीगड, वेल्लोर, मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ही नावे जुनी आहेत ती उगाच नव्हेत.

आत आल्यावर जैवसांख्यिकीला घाबरून ती शेजारच्या हुशार मुलाच्या वहीतून उरकू नका. संगणक आता गणित करून देतो. प्रश्न कोणता विचारायचा आणि तुलना कोणाशी करायची, हे तो तुमच्यासाठी ठरवत नाही. ज्या राज्यात काम करायचे तेथील बोली शिका. मैथिली, भोजपुरी, संथाली, गोंडी येणारा साथरोगतज्ज्ञ एका दुपारी जे जाणून घेईल ते इंग्रजी प्रश्नावली महिनाभरात काढू शकत नाही. आणि शासनाचा अर्थसंकल्प, लेखाशीर्ष, निविदा यांचे कागद वाचायला शिका. क्लोरीनची पावडर मे महिन्यात का संपली, याचे उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली सापडत नाही. ते बहुधा फेब्रुवारीत परत गेलेल्या एका देयकात असते.

हे सगळे सांगून झाल्यावर कोणीतरी हमखास विचारते, की मग सरकारी नोकरी मिळेल का. गेल्या वर्षी एका राज्याच्या आरोग्य अभियानाची जाहिरात निघाली होती, ती मी वर्गात वाचून दाखवली. पद: जिल्हा साथरोगतज्ज्ञ. अर्हता: वैद्यकीय पदवी आणि सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवी, असे उमेदवार न मिळाल्यास दंतवैद्यक, आयुष वा परिचर्या शाखेच्या पदवीसह एमपीएच. नेमणूक: निव्वळ कंत्राटी, अकरा महिने. कायम सेवेचा कोणताही हक्क राहणार नाही, असे ठळक अक्षरांत छापले होते. वर्गातल्या नऊ जणांनी अर्ज केले. चौघांची निवड झाली, आणि त्यांतील दोघी त्याच राज्याच्या पूर्वेकडील जिल्ह्यांत पावसाळ्यापूर्वी रुजू झाल्या. त्यांच्या जिल्ह्यात याआधीचा साथरोगतज्ज्ञ सोडून गेल्याला चौदा महिने झाले होते आणि त्या काळातील नोंदवह्या कोणत्या कपाटात आहेत, हे कोणालाच सांगता येत नव्हते.